नवें यंत्र आणि जुना ठेवा

घर बदलणें हें आपल्या संसारांतील एक मोठेंच कार्य असतें. भांडींकुंडीं, कपडालत्ता, धान्याचीं पोतीं, देव्हाऱ्यांतील देव, भिंतीवरील तसबिरी असें एकेक करून सर्व कांहीं गाडींत चढवितात. आणि शेवटीं घरांतील कर्ती बाई एकदां मागें फिरून रिकाम्या खोल्यांतून नजर टाकून येते. कोनाड्यांत कांहीं राहिलें नाहीं ना, माळ्यावर कांहीं विसरलें नाहीं ना, हें पाहिल्यावांचून ती कुलूप लावीत नाहीं. आज मी ज्या स्थलांतरासंबंधीं बोलणार आहें, तें इतकें लहान आहे कीं दुकानाच्या फळीवर अर्ध्या तासांत उरकतें. जुना मोबाइल फोन बाजूला ठेवून नवा हातीं घेणें, हेंच तें स्थलांतर. परंतु ह्या स्थलांतरांत मागें फिरून पाहण्याची चाल अजून आपल्यांत पडलेली नाहीं, आणि त्यामुळें होणारी हानि घर बदलतांना फुटलेल्या बरणीपेक्षां कधीं कधीं पुष्कळच मोठी असते.

बारामती आणि इंदापूर ह्या आपल्या दोन तालुक्यांपुरतें पाहिलें तरी हा प्रश्न किती घरांत शिरला आहे हें ध्यानांत येईल. ऊंसाचें बिल बँकेंत जमा झालें, दिवाळी जवळ आली, किंवा मुलाला पुण्यास नोकरी लागली, कीं घरांत नवा फोन येतो. जुना फोन आईकडे किंवा नातवाकडे जातो, नाहीं तर दुकानदारालाच देऊन त्याची किंमत नव्यांत वळती करून घेतात. ह्या जुन्या फोनांत काय असतें? सातबाराचें चित्र असतें, बँकेचे व्यवहार असतात, डाळिंबाच्या फवारणीचीं टिपणें असतात, मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें असतात, भावकींतील एखाद्या वादाचीं पत्रें असतात, आणि आतां हयात नसलेल्या माणसांचे आवाज असतात. पूर्वीं ह्या वस्तूंना घरांत दहा निरनिराळ्या जागा होत्या. कागदपत्रांना ट्रंक होती, हिशेबाला वही होती, पत्रांना खिळ्यावरची तार होती, पत्त्यांना पंचांगाचें मागचें पान होतें. एका जागेला वाळवी लागली तरी नऊ जागा शाबूत राहत. आतां त्या दहाहि जागा तळहाताएवढ्या एका यंत्रांत येऊन बसल्या आहेत. सोय मोठी झाली खरी. पण धोकाहि त्याबरोबर एके ठिकाणीं गोळा झाला.

इंदापूर तालुक्याला खऱ्याखुऱ्या स्थलांतराचा अनुभव आहे. भीमा नदीवर उजनी येथें धरण बांधण्यांत आलें, तें १९८० सालीं पुरें झालें, आणि नदीकाठचीं अनेक गांवें पाण्याखालीं गेलीं. जुनें पळसदेव हें त्यांतलेंच. माणसें, गुरेंढोरें, चीजवस्तु नव्या गावठाणांत आली. पळसनाथाचें जुनें दगडी देऊळ मात्र जेथल्या तेथें राहिलें. एखाद्या उन्हाळ्यांत धरणाचें पाणी फार खालीं गेलें म्हणजे प्रथम त्याचें शिखर दिसूं लागतें, मग सर्व देऊळ उघडें पडतें, आणि दूरदूरचे लोक तें पाहावयास जातात. जें उचलतां येण्यासारखें होतें तें गेलें. जें जागेला जखडलेलें होतें तें राहिलें. फोनांतील माहितीचेंहि नेमकें असेंच आहे. तिच्यांतील कांहीं भाग सहज उचलला जातो आणि कांहीं भाग त्या यंत्राला जखडलेला असतो. फरक एवढाच, कीं पळसदेवाचें देऊळ अवर्षणांत तरी पुन्हां डोळ्यांस पडतें. जुन्या फोनांत राहिलेली माहिती पुन्हां वर येईलच अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून कोणती माहिती कोठें राहते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

माझ्या समजुतीप्रमाणें फोनांतील माहितीचे तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गांत फोन ही केवळ खिडकी असते आणि कोठार दुसरीकडे असतें. बँकेंतील पैसा फोनांत नसतो. तो बँकेंत असतो. यूपीआय नांवाची पैसे पाठविण्याची जी पद्धति २०१६ सालीं सुरू झाली, तिच्यांत फोन केवळ आपली ओळख पटविण्याचें काम करतो. नव्या फोनांत तेंच सिमकार्ड घातलें, त्यावरून एक संदेश बँकेकडे गेला, कीं ओळख पुन्हां पटते व खातें पूर्ववत् दिसूं लागतें. सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेल्या डिजिलॉकरचीहि तीच गोष्ट. संबंधित कचेऱ्यांनीं दिलेलीं प्रमाणपत्रें तेथें मागविलीं असतील, तर तीं नव्या फोनावरहि मागवितां येतात. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रानें ऊंसाच्या शेतींत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालविला आहे, त्यांत पाणी केव्हां द्यावें, खत किती द्यावें, ह्याचा सल्ला शेतकऱ्याला मोबाइलवर मिळतो. पण शेतांतील उपकरणांचीं आणि उपग्रहाचीं मोजमापें साठविणारीं यंत्रें अन्यत्र असतात. असल्या ठिकाणीं फोन गेला तरी ठेवा जात नाहीं. खिडकी फुटली म्हणून कोठार लुटलें जात नाहीं.

दुसऱ्या वर्गांत कोठार फोनांतच असतें, आणि तें दुसरें कोठेंहि नसतें. खातें न उघडतां वापरलेल्या टिपणवहीचें ॲप, आवाज नोंदविण्याच्या ॲपमधील ध्वनिमुद्रणें, दुधाचा किंवा उधारीचा हिशेब ठेवण्याचें एखादें साधें ॲप, कोठेंहि न पाठविलेलीं छायाचित्रें, हीं सर्व ह्या वर्गांत मोडतात. येथें यंत्र गेलें कीं वस्तु गेली.

तिसरा वर्ग मधला आहे. त्यांत मूळ वस्तु फोनांत असते, पण तिची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्याची सोय असते. हिलाच बॅकअप म्हणतात. सोय असणें आणि ती प्रत्यक्ष चालू असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक माणसें फसतात तीं ह्याच ठिकाणीं.

कांहीं वस्तु एका वर्गांतून दुसऱ्यांत जात असतात, हेंहि लक्षांत ठेवावें. ई-पीक पाहणीचें ॲप राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालें. शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घेतलें आणि नोंद पुढें पाठविली, कीं ती सरकारी दप्तरीं जमा झाली. मग फोन बदलला तरी चिंता नाहीं. पण शिवारांत संपर्क मिळाला नाहीं म्हणून नोंद फोनांतच राहिली, आणि त्याच आठवड्यांत फोन बदलला, तर ती नोंद कागद लिहून पाकिटांत घातला पण टपालांत टाकलाच नाहीं अशांतली होते.

एखादी वस्तु कोणत्या वर्गांतील आहे हें ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. आपण स्वतःस विचारावें: हें ॲप मी उद्यां दुसऱ्या फोनांत उघडलें आणि माझा क्रमांक किंवा खात्याचें नांव घातलें, तर माझी माहिती मला दिसेल काय? उत्तर होय असेल तर ती पहिल्या किंवा तिसऱ्या वर्गांतील. त्या ॲपनें कधीं आपलें नांव, क्रमांक, खातें कांहींच विचारलें नसेल, तर ती बहुधा दुसऱ्या वर्गांतील आहे असें समजून चालावें. जो आपल्याला ओळखतच नाहीं, तो आपली ठेव परत कोणास देणार?

येथें पुष्कळांच्या मनांत एक शंका येते. दुकानांतील मुलानें तर सांगितलें, “काका, सगळें आलें.” छायाचित्रें आलीं, गाणीं आलीं, नांवें व क्रमांक आले, मग टिपणें आणि हिशेब कोठें गेले? त्याचें कारण फोनाच्या बांधणींतच आहे. फोनांत प्रत्येक ॲपला एक स्वतंत्र खोली दिलेली असते, आणि एकाच्या खोलींत दुसऱ्यास पाऊल टाकतां येत नाहीं. हा निर्बंध आपल्याच रक्षणासाठीं आहे. नाहीं तर एखादा खेळ खेळतां खेळतां तो आपल्या बँकेच्या कपाटांत हात घालूं लागेल. छायाचित्रें आणि गाणीं हीं ओसरीवर ठेवलेलीं असतात. तीं कोणासहि उचलतां येतात. टिपणें आणि हिशेब हे त्या त्या ॲपच्या आंतल्या खोलींत असतात. शेअरइट नांवाचें एक ॲप पूर्वीं दुकानादुकानांतून ह्याच कामासाठीं वापरलें जाई. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें जीं ५९ ॲपें बंद केलीं त्यांत तें होतें. पण तें चालू होतें तेव्हांहि तें ओसरीवरीलच सामान हलवीत असे. आंतल्या खोलीचें कुलूप त्याच्यानें उघडत नसे. त्याच यादींत टिकटॉकहि होतें, आणि गांवोगांवच्या ज्या पोरांनीं आपलीं नाचगाणीं केवळ तेथेंच ठेवलीं होतीं, त्यांना फोन न बदलतांहि तीं मुकावीं लागलीं. दुसऱ्याचें कोठार हेंहि कायमचें नसतें, हा त्यांतील धडा.

अँड्रॉइड फोनांत २०१५ पासून ह्या आंतल्या खोल्यांतील सामानाची प्रत आपोआप गूगलच्या खात्यांत ठेवण्याची सोय झाली. परंतु प्रत्येक ॲपला तेथें २५ मेगाबाइट एवढीच जागा असते, आणि ॲप तयार करणारानें मनाई केली असेल तर तेवढीहि प्रत घेतली जात नाहीं. बँकांचीं ॲपें अशी मनाई मुद्दाम करतात, आणि तें योग्यच आहे. इतर कित्येकांत ती केवळ निष्काळजीपणानें राहून जाते. त्यामुळें नव्या फोनांत ॲपचें चित्र दिसतें, दार उघडतें, आणि आंत मात्र रिकामी खोली असते.

कधीं कधीं वस्तु येते, पण ती वाचणारा राहत नाहीं, असाहि प्रकार घडतो. ह्याचें उदाहरण आपल्या घरांतच सांपडेल. आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडी लिपींतील कागद कित्येक घरांत जपून ठेवलेले आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षर स्पष्ट आहे. पण घरांत एकालाहि तें वाचतां येत नाहीं. एखाद्या ॲपनें आपल्याच विशिष्ट रचनेंत लिहिलेली नोंद, तें ॲप बंद पडल्यावर, अशीच मुकी होते. म्हणून दीर्घकाळ टिकावी असें वाटणारी नोंद सर्वांस वाचतां येईल अशा साध्या रूपांत, म्हणजे साध्या लेखाच्या, पीडीएफच्या किंवा तक्त्याच्या रूपांत वेळोवेळीं काढून ठेवावी.

आतां ह्या हानीचें स्वरूप किती खोल असूं शकतें हें सांगतों. माझ्या ओळखीच्या एका घरांतील वृद्ध बाईंचे यजमान कांहीं वर्षांपूर्वीं वारले. ते शेतावरून घरीं फोनवर लहान लहान ध्वनिसंदेश पाठवीत असत. दुधाचें माप किती झालें, विजेची पाळी रात्रीं आहे, डबा जरा उशिरा पाठव, असलींच तीं वाक्यें. त्यांत काव्य नव्हतें कीं उपदेश नव्हता. बाईंना लिहितां वाचतां फारसें येत नाहीं; पण संध्याकाळीं दिवा लावल्यावर त्यांतलें एखादें वाक्य त्या ऐकत. मुलानें मोठ्या प्रेमानें आईला नवा फोन आणला आणि जुना दुकानांत देऊन टाकला. छायाचित्रें सर्व आलीं. ध्वनिसंदेश आले नाहींत. बाई मुलाला कांहीं बोलल्या नाहींत. फोन छान आहे म्हणाल्या. कांहीं दिवसांनीं त्यांनीं सुनेला एवढेंच विचारलें, “ह्या फोनांत ह्यांचा आवाज कोठें असतो गं?” त्या प्रश्नाला घरांत कोणाजवळ उत्तर नव्हतें. पैशाची नुकसानी भरून निघते, सातबारा पुन्हां काढतां येतो. ही नुकसानी कोणत्या कचेरींत अर्ज केल्यानें भरून निघणार?

दुसरा प्रकार व्यवहाराचा आहे. आपल्याकडे डाळिंब आणि द्राक्षें परदेशीं जातात. त्यासाठीं कोणतें औषध, कोणत्या तारखेस, किती प्रमाणांत फवारलें, ह्याची नोंद बागाईतदारास ठेवावी लागते. ही नोंद ज्यानें केवळ फोनांतील टिपणवहींत ठेवली आणि हंगामाच्या मध्यें फोन बदलला, त्याच्याजवळ माल असतो, मेहनत असते, पण पुरावा नसतो.

ह्या दोन्ही प्रकारांत गेलेली वस्तु वांचवितां आली असती. व्हॉट्सॲपची रीत समजली तर पहिल्या प्रकारांतील पुष्कळ दुःखें टळतील, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. व्हॉट्सॲपवरील संदेश एकदां आपल्या फोनांत पोंचला, कीं तो त्या कंपनीच्या यंत्रांत राहत नाहीं. तो आपल्या फोनांतच असतो. अँड्रॉइड फोनांत त्याची प्रत आपल्या गूगल खात्यांत, आणि आयफोनांत ॲपलच्या आयक्लाउडमध्यें ठेवतां येते. गूगल १५ गिगाबाइट आणि ॲपल ५ गिगाबाइट जागा फुकट देतें. गूगलनें छायाचित्रांसाठींची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपची प्रतहि त्याच १५ गिगाबाइटांत धरली जाऊं लागली. पुष्कळांची ही जागा केव्हांच भरून गेलेली आहे. मग प्रत घेणें थांबतें. फोन तशी सूचना देतो, पण ती आपण घाईनें बाजूला सारतों. मुलगा छातीला हात लावून सांगतो कीं बॅकअप चालू आहे. पाहूं गेल्यास शेवटच्या प्रतीची तारीख वर्षापूर्वींची निघते. बॅकअप चालू आहे काय, असें विचारूं नये. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, असें विचारावें.

आतां फोन बदलावयाचा असेल तर क्रम कसा असावा, तें सांगतों.

पहिली गोष्ट, दुकानांत जाण्यापूर्वीं आदल्या दिवशीं घरीं बसून एक कागद घ्यावा आणि फोनांतील ज्या ज्या ॲपांत आपण स्वतः कांहीं लिहिलें, बोललों किंवा साठविलें आहे, त्यांचीं नांवें लिहावीं. प्रत्येकापुढें वर सांगितलेली कसोटी लावून वर्ग लिहावा. दुसऱ्या वर्गांतील वस्तु त्याच दिवशीं बाहेर काढाव्या. बहुतेक ॲपांत ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘शेअर’ असा शब्द कोठें तरी असतो. त्यानें ती नोंद स्वतःच्याच ई-मेलवर पाठवितां येते. असा मार्ग मुळींच नसेल तर वहींत उतरून घ्यावी. त्यांत कमीपणा कसला?

दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपची प्रत त्याच वेळीं स्वतः हुकूम करून घ्यावी आणि ती आजच्या तारखेची झाली हें पाहावें. जुना व नवा दोन्ही फोन अँड्रॉइड असतील, किंवा दोन्ही आयफोन असतील, तर २०२३ पासून चौकटींच्या खुणेचें चित्र एका फोनानें दुसऱ्यावर टिपून सर्व संभाषणें परभारें नेण्याचीहि सोय झाली आहे. बॅकअपला स्वतःचा परवलीचा शब्द लावला असेल तर तो कागदावर लिहून ट्रंकेंत ठेवावा. कारण तो विसरला तर कंपनीलाहि ती प्रत उघडतां येत नाहीं. तसेंच जुन्या फोनाचें कुलूप उघडण्याचा आंकडाहि विसरूं नये. अँड्रॉइडवरील प्रत नव्या फोनांत उघडतांना तोच आंकडा विचारला जातो.

तिसरी गोष्ट, नवा फोन प्रथम उघडतांना तो विचारतो, कीं जुन्या फोनांतील माहिती आणावयाची आहे काय? हा प्रश्न फार मोलाचा आहे. दुकानांत गर्दी असते, माणूस घाईंत असतो, आणि ‘पुढें चला’ ह्या अर्थाची कळ दाबली जाते. तेंच काम मागाहून करणें सर्वच फोनांत सोपें नसतें. व्हॉट्सॲपहि क्रमांकाची खात्री झाल्यावर जुनी प्रत सांपडली, आणूं काय, असें विचारतें. त्यासाठीं क्रमांकहि तोच असावा लागतो आणि गूगल खातेंहि तेंच असावें लागतें. दुकानदारानें सोयीसाठीं नवेंच खातें उघडून दिलें असेल, तर ती प्रत कोठें शोधावी हें फोनाला कळत नाहीं. आणि चुकून ‘नको’ म्हटलें गेलें, तर वराती मागून घोडें नाचवीत बसूं नये. रात्रीं नवी, रिकाम्या संभाषणांची प्रत जुन्या प्रतीवर चढण्याच्या आंत व्हॉट्सॲप काढून पुन्हां घालावें, म्हणजे तो प्रश्न पुन्हां विचारला जातो.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची: जुना फोन निदान पंधरा दिवस हातचा सोडूं नये. दुकानदार हजार-दोन हजार रुपये वळते करून देण्याचें आमिष दाखवितो, पण ते लगेच न घेतां पंधरा दिवस नवा फोन वापरून पाहावा. जें राहिलें असेल तें ह्या काळांत आठवतें. सर्व आलें अशी खात्री झाल्यावर मगच जुना फोन पूर्णपणें पुसून द्यावा. पुसल्यावर मात्र कांहींहि परत मिळण्याची आशा धरूं नये. हल्लींचे फोन आपली माहिती सांकेतिक रूपांत लिहितात, आणि पुसतांना त्या संकेताची किल्लीच नाहींशी होते. मग पुण्यामुंबईचा कितीहि निष्णात दुरुस्तीवाला असला तरी त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं. आणि ह्या साऱ्या खटाटोपांत बँकेचा गुप्त आंकडा किंवा संदेशानें आलेला आंकडा दुकानांतील कोणासहि सांगूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

श्रोतेहो, हा सगळा भार सामान्य माणसानेंच कां वाहावा, असें कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. २० जानेवारी २०११ पासून भारतभर मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपल्याला मिळाला. त्यापूर्वीं कंपनी सोडली कीं क्रमांकहि सोडावा लागे. क्रमांकाच्या बाबतींत जें झालें तें माहितीच्या बाबतींत कां होऊं नये? युरोपांत २५ मे २०१८ पासून जो कायदा अंमलांत आला, त्यांत आपण दिलेली माहिती वापरतां येईल अशा रूपांत परत मागण्याचा आणि ती दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे. आपल्या देशांतील वैयक्तिक माहितीच्या २०१९ च्या विधेयकांत असा हक्क होता. २०२३ सालीं जो कायदा संमत झाला त्यांत तो नाहीं. माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकावयास लावण्याचा हक्क त्यांत आहे. बरोबर नेण्याचा नाहीं. घर सोडणाऱ्या भाडेकऱ्याला आपलें सामान नेण्याची मुभा असावी, ह्यापेक्षां ही मागणी जास्त नाहीं. आपल्या प्रतिनिधींपुढें ती मांडली पाहिजे.

पण कायदा होईपर्यंत आपल्या हातीं जें आहे तें करावें. त्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं घालून दिलेला पाठ पुरेसा आहे. तुकोबारायांची पालखी दरवर्षीं आषाढींत बारामतीवरून, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर, सराटी ह्या मार्गानें पंढरीस जाते. त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनीं तरल्या, असें परंपरा सांगते. पाण्यानें वह्या कोरड्या परत दिल्या हें भाविकाचें मन मानतें. पण इतकें तर सर्वांनाच दिसतें, कीं ते अभंग एकाच वहींत नव्हते. संताजी जगनाड्यांनीं ते उतरून घेतले होते, आणि शेंकडों वारकऱ्यांच्या मुखांत ते वसत होते. पुढें १८६९ आणि १८७३ सालीं गाथा मुंबई सरकारच्या आश्रयानें दोन भागांत छापली गेली, तेव्हां ठिकठिकाणचीं हस्तलिखितें ताडून पाहण्यांत आलीं. बारामतीस राहून मोरोपंतांनीं आयुष्यभर जी विपुल रचना केली, ती १७९४ सालीं त्यांच्या निधनानंतर छापखान्यापर्यंत पोंचली तीहि हातानें उतरलेल्या प्रतींमुळेंच. जें अनेक घरीं असतें तें एका घराच्या आगींत जळत नाहीं. आजचे जाणकारहि हेंच सांगतात: प्रती तीन असाव्या, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक तरी घराबाहेर असावी.

सर्वच कांहीं जपावें असें माझें म्हणणें नाहीं. रोज सकाळीं येणारीं फुलांचीं चित्रें आणि सुप्रभाताचे संदेश हे गेले तर फोनाला मोकळा श्वासच मिळेल. घर बदलतांनाहि आपण अडगळ टाकूनच देतों. परंतु काय टाकावें आणि काय ठेवावें हें आपण ठरवावें. तें दुकानाच्या फळीवरील घाईनें ठरूं नये. म्हणून येत्या रविवारीं घरांतील तरुणांनीं एक काम करावें. आपल्या आईजवळ, आजीजवळ, आजोबांजवळ बसावें आणि त्यांना विचारावें, “ह्या फोनांतील कोणती गोष्ट गेली तर तुम्हांला वाईट वाटेल?” उत्तर कदाचित् एका छायाचित्राचें असेल, एका आवाजाचें असेल, कुणा मैत्रिणीच्या क्रमांकाचें असेल. जें असेल त्याची दुसरी प्रत त्यांच्या समक्ष काढावी, आणि ती कोठें ठेवली आहे तें त्यांना दाखवावें.